घर खायला उठते: तीन जुन्या भयपटांच्या मराठी उपशीर्षकांच्या नोंदी

७ जून

आमच्या चित्रपट मंडळाच्या ऑगस्टमधील प्रदर्शनासाठी तीन इंग्रजी चित्रपट निश्चित झाले: विल्यम कॅसल यांचा ‘हाउस ऑन हाँटेड हिल’ (१९५९), जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसंट्स’ (१९६१) आणि रॉबर्ट वाइझ यांचा ‘द हाँटिंग’ (१९६३). तिन्ही कृष्णधवल आहेत, तिन्हींत भुताटकीचे घर आहे, आणि तिन्हींची मराठी उपशीर्षके तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. साठ वर्षांहून जुन्या या चित्रपटांना आज कोणी भिणार आहे का, की आपण हौसेने लोकांना जांभया देण्यासाठी बोलावत आहोत, असे बैठकीत एका सदस्याने विचारले. त्यावर कोणी नीट उत्तर दिले नाही, मीही दिले नाही. उपशीर्षके लिहिणाऱ्याला एकेक प्रसंग इतक्या वेळा पुढे-मागे करावा लागतो की भीती नेमकी कुठे ठेवली आहे हे त्याला इतरांपेक्षा चांगले कळते, पण ती त्याला स्वतःला वाटण्याची शक्यता सर्वांत कमी असते. म्हणून येथे मी माझ्या भीतीवर विसंबणार नाही; कोणत्या जागी भाषांतर अडते आणि कोणत्या जागी चाचणीचे प्रेक्षक गप्प होतात, तेवढेच लिहून ठेवणार आहे.

११ जून

कॅसल यांचा चित्रपट चार दिवसांत पूर्ण झाला, कारण तो जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि त्यातील संवाद सरळ आहेत. व्हिन्सेंट प्राइस यांनी रंगवलेला श्रीमंत यजमान पाहुण्यांना एक रात्र त्या घरात काढण्यासाठी प्रत्येकी दहा हजार डॉलर देऊ करतो. बाहेरून दिसणारे घर हे फ्रँक लॉइड राइट यांनी लॉस एंजेलिसमध्ये बांधलेले काँक्रीटच्या ठोकळ्यांचे एनिस हाउस आहे, आत गेल्यावर मात्र जुन्या पद्धतीच्या खोल्या आणि झुंबरे दिसतात, आणि ही विसंगती कोणाच्याही मनात भरण्याआधी कथा पुढे पळते. मूळ प्रदर्शनात कॅसल काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेवर एक सांगाडा सरकवत नेत असत. हा प्रकार जत्रेतल्या खेळाच्या जातीचा आहे, आणि आज त्याला भीती वाटते का असे विचारणे म्हणजे पाळण्यात बसून मृत्यूचे चिंतन करण्यासारखे आहे. एक जागा मात्र अजून शाबूत आहे. तळघरात एक वृद्ध स्त्री पाय न हलवता, जणू चाकांवर ठेवलेली असावी तशी, नायिकेजवळून सरकत जाते. तेथे संवाद नाही, त्यामुळे मला काही करावे लागले नाही.

१६ जून

‘द हाँटिंग’ सुरू केला आणि शीर्षकापाशीच अडकलो. आपल्याकडे ‘झपाटलेले’, ‘पछाडलेले’, ‘बाधा झालेले’ हे सर्व शब्द मुख्यतः माणसाला लागू होतात. माणूस झपाटला जातो. घराला तसे म्हणताना शब्द थोडा उसना वाटतो. याचे कारण कदाचित आपल्या भुतांच्या राहण्याच्या जागांत आहे. लोकसमजुतीतला मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीपाशी किंवा ओसाड वाटेवर भेटते, चकवा रानात माणसाला गोल गोल फिरवतो, वेताळाची जागा बहुधा गावाबाहेर असते. भुते बाहेर आणि आपण आत, अशी ही मांडणी आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला आणि दार ओढून घेतले की माणूस सुटतो. आपल्या धनाशी किंवा वाड्याशी अडकून बसलेला समंध हा तेवढा घरातला अपवाद म्हणता येईल. याउलट वाइझ यांच्या चित्रपटात बाहेर काहीच नाही. जे आहे ते दाराच्या आत आहे, आणि मुख्य म्हणजे तेथे कोण्या मेलेल्या माणसाचे भूत आहे असेही निश्चित सांगितलेले नाही. घरच वाईट आहे.

या कल्पनेला मराठीत शब्द नाही अशी तक्रार मी दोन दिवस स्वतःशी करत होतो, आणि मग लक्षात आले की आपण रोज बोलतो त्यात ती कल्पना आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेला म्हणतो, घर खायला उठते. नव्या घरात आजारपणे सुरू झाली की म्हणतात, वास्तू लाभली नाही. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे आम्हां सर्वांना लहानपणी बजावलेले असते. म्हणजे घर ऐकते, घराला मत असते, घर कोणाला मानवते आणि कोणाला मानवत नाही, हे सर्व आपल्याकडे गृहीत आहे. फक्त आपण त्याला भुताची गोष्ट मानत नाही. चित्रपटाच्या आरंभी त्या घराचा इतिहास येतो. घरात पाऊल टाकण्यापूर्वीच बग्गीच्या अपघातात मरण पावलेली पहिली पत्नी, जिन्यावरून पडलेली दुसरी, लहानपणची खोली म्हातारपणापर्यंत न सोडलेली मुलगी आणि गळफास घेतलेली तिची सोबतीण, असे मृत्यू एकामागून एक सांगितले जातात. तेथे मी ‘झपाटलेले’ हा शब्द काढून टाकला आणि ‘ही वास्तू कोणालाच लाभली नाही’ असे लिहिले. मूळ इंग्रजी वाक्य तसे नाही, पण त्या जागी मराठी माणूस हेच म्हणाला असता.

या बदलाचा एक अनपेक्षित लाभ झाला. ‘घर’ नपुंसकलिंगी आहे, ‘वास्तू’ स्त्रीलिंगी. पुढे एलिनॉर ही नायिका त्या घराविषयी बोलू लागते तेव्हा ‘ती मला बोलावते आहे’ हे वाक्य वास्तूविषयी आहे, मृत आईविषयी आहे, की आणखी कोणाविषयी, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. ही संदिग्धता मी जाणूनबुजून तशीच ठेवली.

२३ जून

प्रदर्शनाला नियमित येणाऱ्या एका मावशी आहेत, वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही कानांना यंत्र. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी मंडळाने या वेळी ध्वनींचीही वर्णने कंसात द्यायची ठरवली आहेत. बोलपटात ध्वनी शब्दाने सांगणे नेहमीच अवघड असते. या चित्रपटात ते सर्वांत अवघड आहे, कारण येथे जवळजवळ सर्व भीती ध्वनीत आहे.

पहिल्या रात्री एलिनॉर झोपेत आहे. ठोके ऐकू येतात. अर्धवट जागी होऊन ती आईला ओ देते, मग तिला आठवते की आई वारली आहे आणि आपण परक्या घरात आहोत. आजारी आईची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या या मुलीच्या मनात एक सल आहे: शेवटच्या रात्री आईने भिंतीवर ठोकून बोलावले आणि ती गेली नाही. त्यामुळे दूरच्या टोकाकडून एकेक दार ठोठावत जवळ येणारा तो आवाज प्रेक्षकाला भुताचा वाटण्याच्या आधी कर्तव्याचा वाटतो. मला वाटते की हा चित्रपट न शिळा होण्याचे मोठे कारण येथेच आहे. घरातल्या दुखणाइताची हाक रात्री कानाआड केल्याची आठवण आजही अनेकांपाशी असेल, आणि तिला तंत्रज्ञानाची जुनाट-नवी अशी वर्गवारी लागू होत नाही.

आता या आवाजाला काय म्हणावे? मराठीत नादानुकारी शब्दांची श्रीमंती आहे आणि तीच येथे आड येते. ‘ठक ठक’ म्हटले की पाहुणा आला. ‘धाड धाड’ म्हटले की पोलीस आले. ‘धडधड’ हृदयाची किंवा आगगाडीची, ‘खडखड’ भांड्यांची. प्रत्येक शब्द आवाजाबरोबर तो करणारा कोण आहे हेही सांगून टाकतो, आणि चित्रपट नेमके तेच सांगत नाही. शेवटी शब्दाचा नाद सोडून अंतर लिहिले: (ठोके, दूरवर), (ठोके, याच मजल्यावर), (ठोके, शेजारच्या दारावर). चौथे वर्णन लिहिलेच नाही. दाराची मूठ हळूहळू फिरते आणि ते पडद्यावर दिसते.

२९ जून

‘द इनोसंट्स’. तिन्हींत हा सर्वांत देखणा चित्रपट आहे आणि माझ्या मते सर्वांत निर्दयही. हेन्री जेम्स यांच्या १८९८ च्या दीर्घकथेवरून तो घेतला आहे: दोन मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेला मृत नोकर आणि मृत पूर्व-शिक्षिका दिसू लागतात, आणि ती दोघे खरोखर तेथे आहेत की तिच्या मनात आहेत, याचा निकाल कधी लागत नाही.

आरंभी पडदा पूर्ण काळा असतो आणि एका लहान मुलीचा एकटा आवाज गाणे म्हणतो. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्हसुद्धा त्यानंतर येते. गाण्याला उपशीर्षके देऊन पाहिली. पांढरी अक्षरे उमटताच सभागृहाच्या भिंती दिसल्या, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या दिसल्या, माझे हात दिसले. अंधार हीच त्या दृश्याची सामग्री होती आणि ती मी दोन ओळींत खर्चून टाकली होती. अक्षरे काढली, गाण्याचा अर्थ प्रवेशाच्या वेळी वाटायच्या पत्रकावर छापावा असे ठरवले.

छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांना सिनेमास्कोपची रुंद चौकट निर्मितीसंस्थेच्या आग्रहामुळे स्वीकारावी लागली. तेव्हा त्यांनी भिंगापुढे कडांना रंगवलेल्या काचा लावून चौकटीच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या. परिणाम असा की मधला भाग उजळ असतो आणि कडेला काहीतरी आहे असे सतत वाटत राहते. माझी उपशीर्षके तळाशी मध्यभागी येतात, म्हणजे वाचणारा डोळा नेमका त्या कडांपासून दूर ओढला जातो. याला उपाय एकच, कमी शब्द. एकेका ओळीतून विशेषणे गाळत गेलो.

खरी कसोटी व्याकरणाची लागली. इंग्रजीत ‘कोणीतरी’ला लिंग नसते, मराठीत क्रियापद ते मागते. ‘कोणीतरी उभा होता’ म्हटले की पुरुष ठरला, ‘उभी होती’ म्हटले की स्त्री. ‘कोणीतरी उभे होते’ हे नपुंसकलिंगी रूप मराठीत थोडे विचित्र लागते, पण ते विचित्रपण येथे कामाचे आहे. त्याहून नाजूक प्रश्न ‘होता’ आणि ‘दिसला’ यांचा. ‘मला तो दिसला’ म्हटले की शंका शिरते, ‘तेथे तो होता’ म्हटले की साक्ष होते. शिक्षिकेच्या तोंडी आरंभी ‘दिसले’, मध्यावर ‘दिसला’ आणि शेवटी ‘होता’, असा क्रम धरला. चित्रपट निकाल देत नाही, तेव्हा तो मीही देऊ नये, पण तिची खात्री वाढत जाते एवढे क्रियापदांतून कळावे.

तळ्यापलीकडे, भर दिवसा, लव्हाळ्यांत काळ्या वस्त्रांतली स्त्री उभी असते ते दृश्य आज पुन्हा पाहिले. ती काहीही करत नाही. फार दूर असते, चेहराही नीट दिसत नाही. मी ठरवल्याप्रमाणे माझ्या भीतीवर विसंबणार नाही. एवढेच लिहितो की ते तपासताना मी दिवा लावून बसलो होतो.

५ जुलै

‘द हाँटिंग’मधील हाताचा प्रसंग. अंधारात एलिनॉरला भिंतीपलीकडून पुरुषी पुटपुट आणि एका लहान मुलाचे रडे ऐकू येते. भिंतीवरच्या नक्षीत चेहऱ्यासारखा आकार दिसतो आणि कॅमेरा त्याच्याकडे सरकत राहतो. शेजारी झोपलेल्या थिओचा, म्हणजे त्या घरात आलेल्या दुसऱ्या पाहुणीचा, हात तिने घट्ट धरलेला आहे. दिवा लागतो तेव्हा थिओ खोलीच्या दुसऱ्या बाजूला असते, आणि आपण धरलेला हात कोणाचा, असा प्रश्न एलिनॉर विचारते.

या एका ओळीवर तीन तास गेले. इंग्रजीत प्रश्न आणि हात दोन्ही वाक्याच्या सुरुवातीला येतात. मराठीत क्रियापद शेवटी बसते, त्यामुळे ‘मी’पासून सुरू केलेले वाक्य वाचणाऱ्याला ‘धरला होता’पर्यंत चालत न्यावे लागते आणि तोवर अभिनेत्री ज्युली हॅरिस यांचा चेहरा निघून जातो. ‘हात’ हा शब्द एकदम पुढे आणून ‘मग तो हात…’ एवढेच एका ओळीत, आणि ‘कोणाचा?’ हे दुसऱ्या उपशीर्षकात, असे तोडले. दोन्हींत बारा चौकटींचे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचे अंतर ठेवले. या कामात वेळ हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते: उपशीर्षक उच्चारापूर्वी क्षणभर जरी आले तरी प्रेक्षकाला आधीच कळते, आणि कळलेला प्रेक्षक भीत नाही.

पुटपुटीतले शब्द ओळखू येत नाहीत, मग (अस्पष्ट पुटपुट) असे प्रसंगभर ठेवावे की एकदाच दाखवावे? तूर्त प्रसंगभर ठेवले.

१२ जुलै

पहिली चाचणी. मंडळाच्या सभागृहात महाविद्यालयीन मुले-मुली आणि काही ज्येष्ठ मिळून वीस-बावीस जण. चित्रपट ‘द हाँटिंग’. सभागृहाला पत्र्याचे छप्पर आहे आणि पाऊस संध्याकाळी सहापासून जो लागला तो थांबला नाही. वाइझ यांनी जपलेली शांतता पावसाने पूर्ण बुडवली. पहिल्या पाऊण तासात किमान पाच फोन उजळले. प्रत्येक वेळी त्या रांगेतले सगळे चेहरे निळे होऊन पुन्हा मावळले.

हसू आले, आणि बरेच आले. रात्री येथे तुमची हाक ऐकायला कोणी नसेल, हे त्याच सुरात पुन्हा सांगणाऱ्या घरकामाच्या बाईंवर हसले, आणि ते योग्यच होते, तेथे चित्रपटालाही हसू हवे आहे. एलिनॉरच्या मनातले विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले जातात त्यावरही हसले, आणि तेथे मात्र चित्रपट उघडा पडला. चेहऱ्यावर जे दिसते तेच कानात सांगितले जाते, आणि माझ्या कृपेने तेच तिसऱ्यांदा तळाशी लिहूनही येते.

ठोके सुरू झाले तेव्हा मात्र हसणे थांबले. पाऊस असूनही.

१३ जुलै

कालच्या चाचणीवर विचार. मुलांनी हसणे म्हणजे भीती न वाटणे, हे समीकरण मला पटत नाही. अंधारात शेजाऱ्याच्या हसण्यात सामील होणे हाही त्याचा हात धरण्याचाच एक प्रकार आहे. जेथे खरोखर काही वाटत नाही तेथे प्रेक्षक हसत नाही, फोन काढतो. फोन निघाले ते सर्व समजावणीच्या जागी, त्या घराचा अभ्यास करायला आलेले डॉक्टर मार्कवे अतींद्रिय गोष्टींवर बोलत असताना. ठोक्यांच्या वेळी एकही नाही.

एका विद्यार्थ्याने जाताना विचारले की खोल्या अशा वाकड्या का दिसतात, आमच्या प्रक्षेपकात दोष आहे का. दोष नाही. वाइझ यांना अधिक रुंद दृश्य टिपणारे भिंग हवे होते. पॅनाव्हिजन या भिंगे बनवणाऱ्या कंपनीकडे असे एक प्रायोगिक भिंग होते, पण त्याने कडा वाकतात म्हणून कंपनी ते द्यायला तयार नव्हती, आणि भिंग सदोष असल्याचे मान्य आहे असे लिहून दिल्यावरच ते मिळाले. साठ वर्षांनंतर कोणाला तरी प्रक्षेपक बिघडला असे वाटते, याहून त्या भिंगाची अधिक चांगली पावती नसेल. ‘द हाँटिंग’ ज्या कादंबरीवरून घेतला आहे तिच्यावरचाच १९९९ चा चित्रपट मी गेल्या आठवड्यात तुलनेसाठी पाहिला. त्यात संगणकाने घडवलेले नक्षीकाम जिवंत होते, पुतळे हलतात, सर्व काही दाखवले जाते, आणि तो त्याच्या छत्तीस वर्षे आधीच्या चित्रपटापेक्षा कितीतरी म्हातारा वाटतो. दाखवलेली युक्ती तिच्या काळाची तारीख अंगावर घेऊन येते. दाराआडच्या आवाजावर तारीख नसते.

१९ जुलै

मावशींकडे जाऊन आलो. चाचणीत (अस्पष्ट पुटपुट) ही अक्षरे पाहून काय वाटले, हे विचारायचे होते. चहा होईपर्यंत त्या ‘महल’विषयी बोलत राहिल्या. कमाल अमरोही यांचा, बॉम्बे टॉकीजचा, १९४९ चा. त्यांनी तो पुढे कधीतरी पुन्हा लागला तेव्हा शाळेत असताना पाहिला होता, आणि झोका रिकामाच हलत असल्याचे स्वप्न त्यांना वर्षभर पडत होते. ‘आएगा आनेवाला’ गाण्यातला आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून ध्वनिमुद्रणात आपण माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ येत गेलो, असे लताबाईंनी नंतर सांगितले आहे. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून त्यांचे नाव नव्हते, पात्राचे ‘कामिनी’ असे होते. म्हणजे घरोघरी ज्यांनी ती तबकडी वाजवली त्यांच्या लेखी ते गाणे एका भुताने गायले होते. चित्रपटात शेवटी ते भूत म्हणजे माळ्याची मुलगी निघते, खटला चालतो, सगळे उलगडते. मावशींना तो उलगडा आठवतही नाही. “कोर्टबिर्ट काय होतं रे त्यात?” असे त्यांनी मलाच विचारले.

आमच्या चित्रपटाविषयी मात्र त्यांनी एक नेमकी गोष्ट सांगितली. पुटपुटीची अक्षरे पडद्यावर होती तोवर त्या निर्धास्त होत्या, कारण आवाज अजून भिंतीपलीकडे आहे हे लिहिलेलेच होते. “तू मला सगळं सांगत होतास, मग मी कशाला भिऊ?”

२६ जुलै

दुसरी चाचणी, उघडिपीच्या दिवशी, फोन दाराशी टोपलीत ठेवून घेऊन. पुटपुटीचे वर्णन आता फक्त आरंभी तीन सेकंद येते आणि नाहीसे होते. आवाज चालू राहतो. ऐकू येणाऱ्यांना याचा फरक पडला नाही. मावशींचे लक्ष मी कडेच्या खुर्चीवरून पाहत होतो. अक्षरे गेली तशा त्या पुढे सरकल्या आणि पडद्याचा तळ शोधू लागल्या: आवाज थांबला, की मी सांगायचा थांबलो, हे त्यांना कळेना. मग त्यांनी नजर वर भिंतीवरच्या नक्षीकडे नेली आणि दिवा लागेपर्यंत ती हलवली नाही.

चौघे दिवाणखान्यात बसलेले असताना बंद दार फुगून आत येते, त्या जागी मी वर्णन दिलेच नव्हते. वाइझ यांनी ते दार थरांच्या लाकडाचे करवून घेतले होते आणि मागून एक धट्टाकट्टा माणूस ते ओंडक्याने रेटत होता, ही माहिती मी चाचणीपूर्वीच सर्वांना सांगून ठेवली होती, मुद्दाम, युक्ती कळल्यावर भीती उरते का हे पाहण्यासाठी. उरली. फळ्या श्वास घेतल्यासारख्या आत आल्या तेव्हा सभागृहात खुर्च्यांच्या करकरीखेरीज आवाज नव्हता, आणि मावशींनी शेजारच्या मुलीचे मनगट पकडले. ती मुलगी नंतर म्हणाली की त्या माणसाविषयी कळल्याने उलट वाईट झाले, कारण दाराआड खरोखर कोणीतरी होते.

२८ जुलै

अंतिम फाईल मंडळाकडे दिली. कालपासूनचे बदल: एलिनॉरच्या मनोगतातील सतरा उपशीर्षके काढली, चेहरा पुरेसा आहे. डॉक्टर मार्कवेंच्या व्याख्यानातील वाक्ये निम्म्यावर आणली. पुटपुटीचे वर्णन तीन सेकंदांवरून दोनवर. ठोक्यांच्या प्रसंगातील (ठोके, शेजारच्या दारावर) हेही काढावे का, याचा निर्णय मावशींवर सोपवला होता. त्यांचा निरोप आज सकाळी आला की ते काढून टाकावे. काढले.